हातावरची गाठ

उशांचे अभ्रे शिवून झाले, तसे शिंप्याने ते घडी घालून पिशवीत भरले, दुकानाचं शटर ओढलं आणि भर दुपारी सुटकाघराची वाट धरली. हे त्याचं नेहमीचंच काम. तिथे अभ्रे कितीही नेले तरी पुरत नसत. माणसं ते दातांनी फाडायची.

सुटकाघर हे काही पाटीवरचं नाव नव्हतं. पाटीवरचं नाव इतकं लांबलचक होतं, की ते वाचून होईपर्यंत एखाद्याचा आत जायचा विचार बदलावा. म्हणून तिथून बरे होऊन गेलेल्यांनीच हे सुटसुटीत नाव पाडलं होतं. इमारत पूर्वी बटणांच्या कारखान्याची होती. अजूनही फरशीच्या फटीतून एखादं बटण वर यायचं आणि शिंपी ते उचलून खिशात टाकायचा. बटण वाया जाऊ द्यायचं नाही, ही त्याची जुनी खोड.

तो स्वतःही इथूनच माणसात आला होता. एके काळी जी बोटं कोटाला काजं करायची, तीच बोटं रोज नशेच्या सुईसाठी शीर शोधत बसायची. दंडातल्या शिरा दगा देऊ लागल्या तेव्हा त्याने हाताच्या पाठीकडे मोर्चा वळवला होता, आणि तिथे अंगठ्याच्या मुळाशी एक गाठ धरली होती. टणक, वाटाण्याएवढी. पुढे ती पिकली, डॉक्टरांनी ती कापून काढली, आणि आता तिथे नुसता सपाट, गुळगुळीत वण उरला होता. बसल्या बसल्या त्या वणावरून बोट फिरवायचा त्याला चाळाच लागला होता. नको त्या सवयीपेक्षा ही बरी, असं मावशी म्हणायच्या.

मावशी म्हणजे सुटकाघर चालवणाऱ्या बाई. मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्स. अंगाने किरकोळ, पण आवाज असा की कॉरिडॉरच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसानेही विडी विझवावी. त्यांच्या घरात नियम फार नव्हते. जे होते ते मात्र मोडायची कुणाची टाप नव्हती.

नवीन माणूस आला की त्याला मागच्या खोलीत ठेवत. नशा उतरताना डोळ्यांना उजेड सोसत नाही, म्हणून त्या खोलीला दिवसाही जाड काळे पडदे असत. भिंतीला घट्ट टेकून एक खाट, आणि मोकळ्या बाजूला एक खुर्ची. डॉक्टर सकाळी येऊन औषध देऊन जात. औषधाने त्रास कमी होतो, संपत नाही. बाकीचा वेळ माणसाला माणूस लागतो. म्हणून त्या खुर्चीवर सतत कुणीतरी बसायचं, आणि बसायचं ते खाटेवरच्याचा हात हातात धरूनच. बसणारा इथूनच बरा झालेला असायचा. पाळी बदलताना येणाऱ्याने आधी आपला हात वरून ठेवायचा, मोठ्याने सांगायचं, "मी आलो, न्हावी," किंवा "मी आलो, ड्रायव्हर," आणि मगच आधीच्याने खालून आपला हात काढून घ्यायचा. हात क्षणभरही रिकामा सोडायचा नाही. आणि आवाज ऐकल्याशिवाय तर मुळीच द्यायचा नाही.

"अंधारात पासवर्ड लागतो वाटतं, मावशी?" न्हावी एकदा थट्टेने म्हणाला होता.

मावशी हसल्या नव्हत्या. "आवाज ऐकल्याशिवाय हात द्यायचा नाही," एवढंच त्या पुन्हा म्हणाल्या होत्या.

बसल्यावर एक प्रश्न मात्र प्रत्येकाने विचारायचा. "काही लपवलंयस का?" कारण कुठेतरी नशेची एखादी पुडी दडवून ठेवलेली असली, की माणूस खाटेवर असतो आणि जीव त्या पुडीपाशी घुटमळत असतो. ते सांगून टाकलं की निम्मं काम झालं.

त्या दुपारी मागच्या खोलीत शिंप्याचा सख्खा भाऊ होता. धाकटा.

धाकटा वायरमन. शिडीवरून पडला, कंबर धरली, दुखणं मारायच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि गोळ्यांवरून तो कधी सुईवर गेला ते घरात कुणाला कळलं नाही. शिंप्याला कळलं. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोळ्यांची बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी, आणि जेवताना मध्येच लागणारी ती गोड पेंग. आपल्याच जुन्या फोटोकडे बघावं तसं शिंप्याला झालं होतं. त्यातच तापाचं निमित्त होऊन डॉक्टरांनी धाकट्याची छाती तपासली, आणि काळजाच्या झडपेला सूज आल्याचं सांगितलं. सुईवाटे घाण रक्तात गेली होती. "हा निभावला," डॉक्टर शिंप्याला बाजूला घेऊन म्हणाले होते. "पण पुन्हा सुई टोचली, तर मला बोलावण्यात अर्थ नाही." आईला यातलं अर्धंच सांगितलं होतं. ती फोनवर रोज एकच विचारायची, "खाल्लं का रे त्याने?"

नातेवाइकाने खुर्चीवर बसायचं नाही, असाही एक नियम होता. पण ड्रायव्हर तापाने आडवा झाला होता आणि बसायला माणसं कमी पडत होती. मावशींनी नाइलाजाने शिंप्याला हो म्हटलं होतं.

अभ्रे कपाटात ठेवून तो मागच्या खोलीत गेला. फिनेल, आंबट घाम आणि ओलसर गादीचा वास एकदम अंगावर आला. न्हावी खुर्चीवर होता.

"मी आलो, शिंपी," हात ठेवत तो म्हणाला.

"बरं झालं बाबा. सकाळपासून नुसता लाथा झाडतोय," न्हावी पुटपुटला आणि पाठ चोळत बाहेर गेला.

अंधाराला डोळे सरावायला वेळ लागला. धाकटा कुशीवर मुटकुळं करून पडला होता. नाकाडोळ्यांतून पाणी गळत होतं, अंगावर सरसरून काटा उभा होता, आणि जांभयांवर जांभया येत होत्या. झोपेच्या नव्हेत त्या. जबडा निखळेल अशा. मध्येच पाय आपोआप झटकले जायचे आणि खाट भिंतीवर आपटायची.

"काही लपवलंयस का?"

"नाही रे, दादा… किती वेळा विचारशील…"

शिंप्याला ते खरं वाटलं नाही. असं 'नाही' त्यानेही याच खाटेवर पडून म्हटलं होतं, अगदी याच चिडक्या सुरात. पण तो गप्प बसला. जोर केला तर हा उठून चालू लागेल, आणि चालू लागला तर दारातून नव्हे, जगातूनच जाईल, ही भीती त्याला खात होती.

"दादा, हाडं… हाडांच्या आत खाजतंय. थोडीशीच मिळाली ना… फक्त आजच्यापुरती…"

"ती आजच्यापुरतीच असते रे. रोज."

"तू कसं काढलंस हे?"

"रडत काढलं. आणि शिव्या देत. मावशींना विचार, त्यांना अजून पाठ असतील."

धाकटा हसल्यासारखा झाला, मग पोट धरून कळवळला. शिंप्याने भांडं पुढे केलं, तोंड पुसलं, मीठसाखरेचं पाणी चमच्याने पाजलं. हे सगळं एका हाताने. दुसरा हात सोडायचा नव्हता. त्याने आधीची सगळी रात्र काळजीने जागून काढली होती, आणि पंख्याच्या टकटकीने आता त्याच्या पापण्या जड होऊ लागल्या. पंखा टकटक करत होता, खाट आपटत होती, पंखा टकटक करत होता.

मग वीज गेली असावी. पंख्याचा आवाज मंदावत मंदावत थांबला, आणि दाराखालून येणारी उजेडाची चीर विझली. खोलीत काळोख दाटला. धाकट्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

आणि शिंप्याच्या हातावर वरून एक हात आला.

अलगद आला. गार होता. आलास का बाबा न्हाव्या, असंच शिंप्याला वाटलं. पाठ भरून आली होती, डोळ्यांत वाळू होती. त्या हाताचं काही वावगंही वाटलं नाही. उलट तो फार ओळखीचा वाटला, रोज हाताळलेल्या कात्रीसारखा. शिंप्याने खालून आपला हात काढून घेतला आणि चाचपडत बाहेर आला.

मागच्या अंगणात ऊन भगभगत होतं. डोळे बारीक करत तो नळाकडे निघाला, आणि मध्येच थबकला.

नळाजवळच्या बाकावर एक पेशंट मान वर करून बसला होता. त्याचा अर्धा गाल तुळतुळीत, अर्धा साबणाने माखलेला. आणि वस्तरा हातात धरून त्याच्यासमोर उभा होता न्हावी.

"येतोच रे," न्हावी म्हणाला, "हा एवढा गाल राहिलाय. …अरे, तू बाहेर कसा?"

शिंपी वळून दाराकडे बघू लागला. न्हाव्याचा वस्तरा हवेतच थांबला.

"मग आत कोण आहे?"

दोघे धावले. कॉरिडॉरमध्ये मावशी भेटल्या. त्यांनी शिंप्याचा चेहरा पाहिला, आणि काही न विचारता त्या सगळ्यांच्या पुढे झाल्या. त्यांनी आत जाऊन मुठीत धरून पडदा ओढला. त्या खोलीत दुपारचा उजेड कुणी कधी पाहिला नव्हता.

खुर्ची रिकामी होती.

धाकटा उताणा झोपला होता. पाय थांबले होते, जांभया थांबल्या होत्या, कपाळ कोरडं होतं. कितीतरी दिवसांत न मिळालेली गाढ झोप त्याला लागली होती. फक्त त्याचा उजवा हात खाटेबाहेर, खुर्चीच्या दिशेने उचललेला होता. बोटं वाकलेली, मधे पोकळी ठेवून. तो हात तसाच अधांतरी होता आणि जरासुद्धा थरथरत नव्हता.

मावशींनी तो हात आपल्या हातात घेतला. "मी आले, मावशी," त्या मोठ्याने म्हणाल्या. रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाल्या. तेव्हा कुठे धाकट्याचा हात सैल पडला.

"आवाज ऐकला होतास?" त्यांनी वळून न बघता विचारलं.

"…नाही."

"हात ओळखीचा होता?"

"हो."

शिंप्याला वाटलं आता आपली खरडपट्टी निघणार. तशी निघाली असती तर बरं वाटलं असतं. पण त्यांनी नुसता पदर सारखा केला आणि न्हाव्याला सांगितलं, "आजपासून याला इथे बसवायचं नाही."

धाकटा त्या दुपारपासून सावरत गेला. डॉक्टरांनाही नवल वाटलं. पोटात अन्न ठरू लागलं, झोप लागू लागली. आईला फोनवर "खाल्लं, पोटभर खाल्लं" असं शिंप्याने दोन-दोनदा सांगितलं. देवच पावला म्हणायचा, असं न्हावी म्हणाला, आणि शिंप्यानेही स्वतःला तसंच समजावलं. तो हात म्हणजे पेंगेतलं स्वप्न. जागरणाने माणसाला काय वाटेल ते वाटतं.

एका सकाळी धाकटा अंगणात ऊन खात बसला होता. शिंपी त्याच्या शर्टाला बटण लावत होता.

"दादा," धाकटा म्हणाला, "ते तू फेकून दिलंस ना?"

"काय?"

"आता वेड नको पांघरू. त्या दुपारी तू विचारलंस, आणि मी सांगितलं की. सांगितलं आणि एकदम मोकळा झालो बघ."

शिंप्याची सुई थांबली. "मी किती वेळा विचारलं आणि तू नाही म्हणालास."

"आधी म्हणालो. मग वीज गेली, तेव्हा तू किती मायेने विचारलंस… अगदी कानाशी येऊन. मला नाही म्हणवेना." धाकट्याने त्याच्या हाताकडे बघितलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "एक विचारायचं राहिलं. तुझ्या हाताची ती गाठ कापली होती ना? त्या दुपारी माझ्या बोटांना लागत होती. टणक."

शिंप्याने वण झाकून घेतला. का झाकला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

"काय सांगितलंस मला? पुन्हा सांग."

"दुकानातला तो कोट. गिऱ्हाईक न्यायला आलंच नाही तो. त्याच्या डाव्या खांद्याच्या पॅडमध्ये. चांदीच्या कागदाची पुडी आहे. मी आपले कसेबसे लांब लांब टाके घातलेत काळ्या दोऱ्याने. तू बघितलं असतंस तर कानफटात दिली असतीस."

शिंपी उठला तो तडक दुकानात आला. शटर वर ढकललं. कोट मागच्या खिळ्यावर होता, नेहमीसारखा, खांद्यांवर धूळ घेऊन. त्याने तो काढून टेबलावर पसरला, आतलं अस्तर उलटलं आणि डाव्या खांद्याची शिवण बोटाने चाचपली.

लांब टाके नव्हते. काळा दोरा नव्हता. बारीक, सारखे, एकमेकांना खेटून घातलेले टाके होते, अस्तराच्या रंगाच्या दोऱ्याने. आणि शेवटी दोरा दोनदा वळवून टोक आत ओढून घेतलेलं. ही पद्धत त्याला त्याच्या उस्तादाने शिकवली होती. उस्ताद केव्हाच गेला होता. आता असा शेवट करणारा तो एकटाच उरला होता.

त्याने शिवण उसवली. पॅड फोडलं. आत कापूस होता, आणि कापसात पुडीएवढी एक खोलगट जागा. पुडी नव्हती.

तेवढ्यात त्याला जांभई आली.

मोठी, जबडा निखळेल अशी. मग दुसरी. नाकातून पाणी आलं. पाठीवर सरसरून काटा आला आणि पिंढऱ्या आतून ओढू लागल्या. हे काय आहे ते त्याला कुणी सांगायला नको होतं. नशा न मिळालेल्या देहाची ही हाकाटी. पण असं होतं कुणाला? जो रोज घेतो त्याला. त्याने तर कधीच सोडली होती. …सोडली होती ना? त्याने शर्टाच्या बाहीकडे पाहिलं. पूर्ण बाही. हवेत तर उकाडा होता. आज सकाळी पूर्ण बाहीचा शर्ट आपण का घातला, हे काही केल्या त्याला आठवेना.

बाही वर करायला हात धजेना. त्याने कोट तसाच टाकला, शटर उघडंच सोडलं आणि धावत सुटकाघर गाठलं.

"मावशी, मला बघा," तो दारातच म्हणाला. "माझा मलाच भरवसा नाही. तुम्ही बघा."

मावशींनी त्याला खिडकीपाशी नेलं आणि दोन्ही बाह्या वर केल्या. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले होते. त्यांची बोटं कोपरापासून मनगटापर्यंत सावकाश फिरली, मग हातांच्या पाठीवरून, मग पायांवरून.

"सगळं जुनं आहे," त्या म्हणाल्या. "नवं काही नाही. ऐकलंस? काही नाही."

शिंपी लहान मुलासारखा रडला. कुणासमोर रडतोय याची त्याला पर्वा राहिली नव्हती. पण जांभया थांबेनात, आणि संध्याकाळपर्यंत त्याला उभं राहवेना. डॉक्टर सकाळी येणार होते. मावशींनी त्याला मागच्या खोलीत नेऊन खाटेवर निजवलं. छताकडे बघत तो पडून राहिला. तीच गादी, तोच वास. अभ्रा मात्र त्याच्याच हातचा होता.

"आज मी बसतो," दारात धाकटा म्हणाला. "मावशी, नाही म्हणू नका. त्याने माझ्यासाठी केलं, आता मला करू द्या."

मावशींनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग पडदे नीट ओढून घेतले. "मी दाराबाहेरच आहे," त्या म्हणाल्या. "हाक मारली की आत येते. हात सोडायचा नाही."

दार लागलं. अंधार झाला. खुर्ची करकरली, आणि शिंप्याच्या उजव्या हातावर एक हात आला. उबदार, वायरीने चिरा पडलेला.

"मी आलो, दादा. धाकटा."

शिंप्याला इतकं बरं वाटलं, की अंगातली कळ क्षणभर विसरायला झाली. धाकटा लहान होता तेव्हा हाच हात धरून त्याने याला रस्ता ओलांडायला शिकवलं होतं. हा जगला. आईचा हा मुलगा जगला, आता आणखी काय हवं? पंखा टकटक करत होता. शिंप्याचा डावा हात भिंतीच्या बाजूला, उशीपाशी पडला होता. गार भिंत बोटांना लागत होती.

मग भिंत लागेनाशी झाली.

त्या हातावर एक हात आला होता. अलगद आला. मधल्या बोटाला, शिवताना घालायच्या अंगुस्तानाने पडलेली खाच होती, आणि अंगठ्याच्या मुळाशी गाठ. टणक, वाटाण्याएवढी. आवाज नव्हता. शिंप्याने हात ओढून घ्यायचा प्रयत्न केला, पण त्या हाताने मायेने त्याची बोटं उलगडली आणि तळव्यावर काहीतरी ठेवलं. हलकं. चौकोनी. कागद चुरचुरला, चांदीचा असतो तसा.

हाक मारायची होती. मावशी दाराबाहेरच होत्या. हाक अगदी ओठांवर आली होती. आणि त्याच वेळी त्याच्या पिंढऱ्यांतली ओढ थांबली, नाक कोरडं झालं, जांभया विरल्या. सगळा देह गप्प होऊन त्या मुठीकडे कान देऊन बसला.

मूठ मिटली. ती आपण मिटली की कुणी मिटवली, हे त्याला कळलं नाही.

"दादा, थांबल्या रे तुझ्या जांभया," धाकटा आनंदाने म्हणाला. मग त्याला नियम आठवला, आणि तो खुर्चीत पुढे सरकला. "अरे हो, विचारायचं राहिलंच. काही लपवलंयस का?"

पंखा टकटक करत होता.

"नाही," शिंपी म्हणाला.